फाटा आला की सांगा

संध्याकाळच्या दौंड-शिरूर गाडीच्या कंडक्टरचा आवाज फार चांगला होता. गावच्या भजनी मंडळात ते पुढे उभे राहून म्हणायचे आणि सप्ताहात त्यांना ऐकायला आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं येतात, असं गाडीतल्याच एका आजींनी मला सांगितलं होतं. गाडीत मात्र त्यांनी तो आवाज कधी काढला नाही. गाडीत ते फक्त घंटीची दोरी ओढायचे. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे टोले ड्रायव्हरसाठी. ड्रायव्हरला समोरच्या काचेतून सगळा रस्ता लख्ख दिसत होता, तरी त्याला सांगायला घंटी होती. मला काहीच दिसत नव्हतं, आणि मला सांगायला काहीच नव्हतं.

दोन वर्षांची असताना गोवरात माझे डोळे गेले. गाव केंदूर. वडिलांनी बरीच खटपट करून मला पुण्याला अंध मुलींच्या शाळेत घातलं. तिथून पुढे मी टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घेतलं आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दौंडच्या एका सरकारी कार्यालयात बोर्डावर बसले. राहायला पाटसला थोरल्या बहिणीकडे. दाजी साखर कारखान्यात होते. सकाळी पाटसहून दौंडला जायची गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत जायची, त्यामुळे सगळे उतरले की मी उतरायचे. त्यात डोकं चालवायची गरज नव्हती. खरी परीक्षा संध्याकाळी. शिरूरची गाडी दौंडहून निघायची, पाटसच्या अलीकडे कारखाना फाट्याला क्षणभर थांबायची आणि पुढे चौफुला, न्हावरा करत शिरूरला जायची. फाटा चुकला की पुढचं गाव आपलंच.

आंधळ्या माणसाला सहावं इंद्रिय असतं असं लोकांना वाटतं. माझ्याकडे ते नव्हतं. माझ्याकडे गतिरोधक होते. रेल्वेच्या मोरीत गाडी शिरली की तिचा आवाज कोंडायचा, बाहेर पडली की मोकळा व्हायचा. तिथून मी मोजायला सुरुवात करायचे. शाळेपुढे एक, वस्तीपुढे दोन जवळजवळ, मग बराच वेळ काही नाही, मग एक मोठा, ज्यावर मागच्या सीटवरची माणसं हमखास ड्रायव्हरचा उद्धार करायची. तो गेला की मी पिशवी खांद्याला लावायची. हंगामात तर सोपंच होतं. कारखाना सुरू असला की मळीचा वास अर्धा कोस आधी गाडीत शिरायचा. लोक नाकाला रुमाल लावायचे, मी उठून उभी राहायचे. पावसाळ्यात कारखाना बंद, वास बंद, मग फक्त गतिरोधकांवर मदार.

कंडक्टरमामांना मी रोज चढताना सांगायचे, "मामा, फाटा आला की सांगा."

ते रोज म्हणायचे, "व्हय व्हय, बसा तुम्ही."

आणि रोज विसरायचे. मी उठून दाराशी गेले की म्हणायचे, "बघा, तुम्हाला बरोबर समजतं. मंग सांगायचं कशाला?" यावर गाडीतली माणसं कौतुकानं हसायची. एकदा एका गृहस्थांनी मला खरंच दिसत नाही ना हे पाहायला डोळ्यांसमोर हात हलवला. हवा लागली म्हणून मी डोकं मागे घेतलं. त्यांनी लगेच शेजारच्याला सांगितलं, "दिसतं हो, थोडं थोडं दिसतं."

मग रस्ता नवा झाला. दौंड-पाटस रस्त्यावर डांबर पडलं, खड्डे बुजले आणि जुने गतिरोधक उखडून टाकले. सगळे खूश. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालते, असं ड्रायव्हर म्हणाला. पंचक्रोशीतल्या पुढाऱ्यांनी रस्त्याचं श्रेय घेण्यासाठी आपापले फलक लावले, असंही ऐकलं. माझं सगळं पाठांतर मात्र एका आठवड्यात पुसलं गेलं.

त्या जुलैत एका संध्याकाळी पाऊस येऊन गेला होता. कारखाना बंद. मी मोरीपासून अंदाजानं वेळ मोजत होते. शेवटी शेजारच्या बाईंना विचारलं, "फाटा आला का?" त्या म्हणाल्या, "मी शिरूरची, मला न्हाई म्हाईत." मागचा एक म्हणाला, "गेला की मघाशीच." त्याच्या शेजारचा म्हणाला, "न्हाई न्हाई, लांब हाय अजून." दोघांची आपसात जुंपली. मी ओरडून विचारलं, "मामा, फाटा आला का?"

मामा पुढे कोणाशी तरी सुट्ट्यावरून भांडत होते. तिथूनच म्हणाले, "आला आला, उतरा." एक टोला, गाडी थांबली. मी उतरले. दोन टोले, गाडी गेली.

फाट्यावर नेहमी चहाच्या टपरीचा स्टोव्ह आवाज करत असतो. इथं काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना उसाची पानं सळसळत होती. काठी आपटून पाहिली तर एका बाजूला चिखल आणि दुसऱ्या बाजूला चिखल. तो फाटाच होता, पण आमचा नव्हता. भलत्याच वस्तीचा. मामांना कोणी तरी दुसऱ्यानं फाटा विचारला असेल, किंवा नसेलही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि पहिल्यांदा रडू आलं. भीतीचं नव्हतं ते. आपण गाडीभर लोकांच्या देखत चुकीच्या जागी उतरलो आणि एकालाही ते दिसलं नाही, याचं होतं.

थोड्या वेळानं एक म्हातारे गृहस्थ बैलांना हाकत आले. "कोण हाय? हितं कशाला उभ्या ऱ्हायल्या, बाई?"

"आबा, मला पाटसच्या कारखाना फाट्याला जायचं होतं. कंडक्टरनं इथं उतरवलं."

"आरारा! त्यो तर लई पुढं. चला, बसा घटकाभर. जीप येतीया पाच-दहा मिनटांत." त्यांनी हात धरून मला वस्तीवरच्या ओट्यावर बसवलं आणि आत हाक दिली, "अगं, तांब्या आन पाण्याचा."

तांब्या आला. माझ्याजवळच फरशीवर ठेवल्याचा आवाज आला, भरलेल्या पितळेचा. आबांनी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"केंदूर."

"केंदूरात कुणाच्या?"

मी आडनाव सांगितलं.

"अस्सं," आबा म्हणाले. फरशीवरून तांब्या उचलला गेला. पावलं आत गेली, परत आली, आणि माझ्या हातात प्लॅस्टिकचा मग आला.

मला दिसत नाही. ऐकू येतं.

पाणी गार होतं. मी सगळं प्याले, तहान लागली होती. आणि हेही सांगायला हवं की त्याच आबांनी मग रस्त्यावर उभं राहून, दोन भरलेल्या जिपांना शिव्या घालून, तिसरी थांबवली. ड्रायव्हरला तीनदा बजावलं, "बाईंला दिसत न्हाई. कारखाना फाट्यावर सोताच्या हातानं उतरवायचं. न्हाई उतरवलं तर उद्या ह्याच रस्त्यानं यायचंय तुला." त्यांच्या त्या मगाचा राग माझ्या मनातून गेला नाही. पण माझ्या थांब्याची जबाबदारी त्या दिवशी एकाच माणसानं घेतली, तीही त्यांनीच, हे नाकारता येत नाही. कितीदा वाटलं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं करू नयेत.

घरी बहीण दारात उभी होती. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "नोकरी सोडा. काय अडलंय?" मी म्हणाले, "कंडक्टरनं चूक केली आणि नोकरी मी सोडू?" दाजी म्हणाले, "मंग काय कंडक्टर सोडणार हाय व्हय?" त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या टाइपरायटरवर डेपोला अर्ज टाइप केला. वाहकानं प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्यानं पुकारावं, एवढीच मागणी.

दीड महिन्यानं उत्तर आलं. आमच्या शिपायानं वाचून दाखवलं. अर्जाची गंभीर दखल घेण्यात आली असून दृष्टिहीन प्रवाशांच्या सोयीसाठी सर्व गाड्यांत सूचना लावण्यात आली आहे. मी संध्याकाळी गाडीत शेजारणीला म्हणाले, "ताई, ड्रायव्हरच्या मागं नवीन काही लिहिलंय का बघता?" तिनं अक्षर अक्षर लावत वाचलं, "दृष्टि...हीन प्रवाशांनी... आपला थांबा... वाहकास विचारून घ्यावा."

आंधळ्यांसाठी पाटी लावली होती. लाल अक्षरात, असंही ती म्हणाली. अक्षर छान आहे म्हणाली.

मग मी दुसरा अर्ज ब्रेलमध्ये लिहिला. चांगला दोन पानी, जाड कागदावर. पाकिटावर नाव-पत्ता तेवढा टाइप केला. चार दिवसांनी बोर्डावर फोन आला. डेपोतला क्लार्क.

"बाई, तुमच्याकडून कोरा कागद आलाय."

"कोरा नाही. हात फिरवून बघा."

"नुसते फोड आल्यात की ह्याला."

"ते फोड म्हणजे मराठी आहे."

"पर आम्हाला हे वाचता येत न्हाई."

"मला तुमची पाटी वाचता येत नाही."

"मंग आता हो?"

"आता पाटी लावा," मी म्हणाले. "'ज्यांना अर्ज वाचता येत नाही त्यांनी तो बाईंना विचारून घ्यावा.'"

क्लार्क हसला नाही. पण त्यानं तो कागद साहेबांपुढे नेला असावा, कारण पुढच्या आठवड्यात मला डेपो मॅनेजरांचं बोलावणं आलं. दाजी सोबत आले. साहेब सगळा वेळ दाजींशीच बोलले. "बाईंना काय त्रास झाला?" "बाई कुठं बसतात?" दाजी माझ्याकडे वळून विचारायचे, मी सांगायचे, साहेब दाजींकडून उत्तर घ्यायचे. माझ्या आवाजावर दौंडचं अर्धं सरकारी काम चालत होतं, पण त्या खोलीत तो दाजींमधूनच ऐकू यायचा.

कंडक्टरमामांना बोलावलं होतं. ते म्हणाले, "साहेब, बाई सोताच उतरल्या. म्या बोललोबी न्हाई."

मी म्हणाले, "तुम्ही 'आला आला, उतरा' म्हणालात."

"गर्दीत दुसरं कुणी बोललं आसंल."

"मामा, मी दिवसभर आवाज ओळखायचा पगार घेते."

साहेबांनी घसा साफ केला आणि वाहकांनी ओरडायचं हा प्रश्न कसा नाजूक आहे ते समजावलं. ते त्यांच्या कामात बसत नाही, संघटना हरकत घेईल, घसे बसतील. त्यापेक्षा आधुनिक उपाय करू. गाडीत लाउडस्पीकर बसवू. टेप वाजेल. तालुक्यात असं अजून कोणी केलेलं नाही.

डिसेंबरात अपंग दिनाला उद्घाटन ठरलं. गाडीला हार घातले. फीत कापायला मलाच बोलावलं. कोणी तरी माझ्या हातात कात्री दिली, दुसऱ्यानं माझा हात धरला, तिसऱ्यानं फीत कात्रीत घातली, आणि तिघांनी मिळून माझ्या हस्ते उद्घाटन केलं. फोटोग्राफर "इकडं बघा बाई, इकडं" असं ओरडत होता. साहेबांचं भाषण झालं. खरे आंधळे आपणच आहोत, खरी दृष्टी या भगिनींकडे आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. इतकी दृष्टी होती तर गाडी मलाच चालवायला द्यायला हरकत नव्हती.

नारळ फुटला आणि गाडी निघाली. कंडक्टर तेच मामा. पुढे डेपोचा क्लार्क, टेपवर लक्ष ठेवायला. त्यानं मला अभिमानानं सांगितलं की कॅसेट त्यानंच तयार केली. साहेबांच्या जीपमधून शिरूरपर्यंत जाऊन, घड्याळ लावून, प्रत्येक थांब्याची मिनिटं टिपली, आणि एका शिक्षिकाबाईंकडून नावं वदवून तेवढ्याच अंतरानं भरून घेतली. मधल्या वेळात सनई.

"जीप थांब्यांवर थांबली होती का?" मी विचारलं.

"कशाला थांबल? आम्हाला कुठं उतरायचं होतं?" क्लार्क म्हणाला.

गाडी मोरीपाशी आली आणि उभी राहिली. पुढे उसाचा ट्रॅक्टर अडकला होता. मागून हॉर्न, पुढून शिव्या, गाडीत सनई. सनई थांबली आणि गोड, शुद्ध आवाजात बाई म्हणाल्या, "पुढील थांबा, कारखाना फाटा. उतरणाऱ्या प्रवाशांनी दरवाज्याजवळ यावे."

एक आजी धडपडत उठल्या. "आला व्हय फाटा?"

"बसा आजी," मामा म्हणाले. "दौंडातच हाय आपण."

"मंग ती बाई काय म्हनती?"

"ती टेपातली बाई हाय."

"तिला कसं म्हाईत न्हाई?"

ट्रॅक्टर निघेपर्यंत टेपातल्या बाईंनी पाटस मागे टाकलं. गाडी मोरीतून बाहेर पडली तेव्हा त्या वरवंडला होत्या. कुरकुंभच्या कारखान्यातले दोन बिहारी कामगारांना चौफुल्याला जायचं होतं. टेपात चौफुला आला तसे ते उठून दारात आले, "आ गया ना?" मामा म्हणाले, "अभी किधर आया, बैठो!" ते म्हणाले, "मशीन बोल रहा है ना, आ गया." एका शेतकऱ्यानं शेजाऱ्याला गंभीरपणे विचारलं, "मग आपण आत्ता नक्की कुठं हाय?" शेजारी खिडकीबाहेर बघून म्हणाला, "बाहेर तर दौंडच दिसतंय." सगळी गाडी हसायला लागली.

मामा क्लार्कला म्हणाले, "बंद करा की ते!"

"साहेब म्हणलेत पूर्ण वाजू द्या. बातमी द्यायचीय."

आणि मग मामांचा धीर सुटला. टेपातल्या बाई "पुढील थांबा, न्हावरा" म्हणाल्या आणि त्यावर मामा असे कडाडले की माझ्या अंगावर काटा आला. "न्हावरा न्हाई! कुणी उठू नका! ही शाळा हाय! आता वस्ती येतीया! वस्तीवाले उठा!" तोच तो आवाज, ज्यासाठी माणसं लांबून यायची. गाडीभर भरला. वस्ती आली, वस्तीवाले उतरले. बिहाऱ्यांना त्यांनी "तुम्हारा अभी दूर है, सो जाव" म्हणून बसवलं. पुढे तीन थांबे त्यांनी असेच पुकारले, प्रत्येक वेळी टेपवर आवाज चढवून. आणि मळीचा वास यायच्याही आधी त्यांनी आरोळी ठोकली, "कारखाना फाटा! फाटेवाले, चला!"

मी दाराशी गेले. मामांनी आवाज खाली आणून फक्त मला ऐकू येईल असं सांगितलं, "हाच हाय. बिनघोर उतरा."

मागे टेपातल्या बाई शिरूरला पोहोचून सर्वांचा प्रवास सुखाचा झाल्याबद्दल आनंद व्यक्त करत होत्या.

दोन दिवसांनी बातमी छापून आली. आमच्या शिपायानं वाचून दाखवली. बोलणारी गाडी, अंध भगिनींच्या जीवनात प्रकाश वगैरे. महिन्याभरात त्या टेपवर ड्रायव्हर गाणी वाजवू लागला. कोणी तक्रार केली नाही. गाणी बरी होती.

मामा मात्र पुकारत राहिले. आधी लाजत, माझ्यापुरतं, मी गाडीत असले तरच. मग लोकांनाच ते लागायला लागलं. झोपणारे निवांत झोपू लागले, पाटी वाचता न येणारे विचारायचे थांबले. एक दिवस त्यांचा घसा बसला होता तर मागून कोणी तरी म्हणालं, "मामा, आज मुके का? आम्हाला समजंना कुठं आलोय." त्या जुलैतल्या संध्याकाळबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. माफी मागितली नाही, आणि मीही मागायला लावली नाही. फाटा मात्र पुन्हा एकदाही चुकला नाही.

दोन-अडीच वर्षांनी त्यांची बदली शिरूरकडच्या गाड्यांवर झाली. नवा कंडक्टर आला, त्याला मी पहिल्या दिवशी म्हणाले, "फाटा आला की सांगा." तो म्हणाला, "पाटी लावलीय बघा तिथं, विचारून घ्यायचं." त्याला शिकवायला मला चार महिने लागले. त्याच्या पुढच्याला दोन. पुढे मला दौंडलाच क्वार्टर मिळालं आणि माझा तो अभ्यासक्रम बंद पडला. डेपोकडून नियम काही आला नाही. दरवर्षी अपंग दिनाचं निमंत्रण मात्र येत राहिलं.

मग एकदा आईचं दुखणं ऐकून मी केंदूरला निघाले होते. शिरूरला गाडी बदलली, मागच्या सीटवर बसले. गाडी सुटली, आणि थोड्या वेळानं पुढून आवाज आला, "रांजणगाव! रांजणगाववाले, कंपनीवाले, चला!"

माझ्यापर्यंत तिकिटाला आले तेव्हा मी म्हणाले, "मामा, आज गाडीत कोण आंधळं आहे?"

ते दचकले. मग आवाज ओळखून हसले. "ताई, तुम्ही! कोण न्हाई हो. आता सवयच लागलीया. न्हाई पुकारलं तर लोक वसकन अंगावर येत्यात."

मग ते माझ्या शेजारीच बसले. मुलीचं लग्न झालं होतं, गुडघे दुखत होते, नव्या साहेबाची कटकट होती. मी आईचं सांगितलं. गाडी वेगात चालली होती आणि आम्ही दोघं बोलण्यात गढलो होतो, तेवढ्यात पुढून एक बाई किंचाळल्या, "ओ कंडक्टर! कोंढापुरी गेली की मागं! काय झोपला का काय?"